दूध संस्थेच्या संगणकातील नोंदी : ज्याची त्यालाच दिसावी

दूध, फॅट, उचल व बँक खात्याच्या नोंदी आता अनेक दूध संस्थांत संगणकावर ठेवल्या जातात. या नोंदी सर्वांना खुल्या राहिल्यास कोणाची उचल किती, हे कोणीही पाहू शकतो. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१) प्रत्येक नोंदीत सभासद क्रमांक असावा. सभासदाला फक्त स्वतःच्या क्रमांकाच्या नोंदी दिसाव्यात.

२) दूध मोजणाऱ्यास दूध व फॅट नोंदवता यावे, बँक खाते सचिव व हिशेबनीस यांनाच दिसावे. लेखापरीक्षकास सर्व नोंदी पाहता याव्यात, बदलता येऊ नयेत.

३) प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा ठेवावा. काम सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

४) नुसत्या पडद्यावर नोंद लपवून भागत नाही, बंधन मूळ माहितीसाठ्यावरच घालावे. पोस्टग्रेएसक्यूएल या मोफत प्रणालीत २०१६ पासून ही सोय आहे. मात्र ज्या खात्याकडे तक्त्याची मालकी असते, त्याला हे बंधन एरवी लागू होत नाही. म्हणून रोजचे काम त्या खात्यावरून करू नये.

वापर सुरू करण्यापूर्वी दोन सभासदांच्या नावाने प्रवेश करून पाहावा. एकाला दुसऱ्याचे बिल दिसल्यास आधी दुरुस्ती करून घ्यावी.