घरातील शिवणयंत्र

वाचकहो, आपल्या घरी शिवणयंत्र असेल तर त्याची सुई एकदा निरखून पाहा. हातसुईचे नेढे मागच्या टोकास असते; या सुईचे मात्र अणीजवळ आहे. यंत्राने शिवण्याचे कोडे सुटले ते या उलटापालटीने. सुई कापडात शिरून वर येऊ लागली, की दोऱ्याचा फास होतो आणि कापडाखालचा धोटा दुसरा दोरा त्यातून नेतो. अमेरिकेतील एलायस हाऊ याने १८४६ साली या टाक्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वी, १८३१ मध्ये, पॅरिसच्या शिंप्यांनी तीमोनिए याची निराळ्या धर्तीची यंत्रे मोडून टाकली होती. पोटावर पाय येण्याची त्यांची भीती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हे.

आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये अधिक सोयीचे यंत्र आणले. पण शंभर डॉलर एकरकमी कोणता गृहस्थ मोजणार? त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क हा वकील. त्याने १८५६ मध्ये हप्त्यांनी विक्री सुरू केली. यंत्र घराघरांत पोचले याचे श्रेय, माझ्या मते, सिंगरपेक्षा या वकिलास अधिक आहे.

आपल्याकडे अडचण वेगळीच होती. लुगडे, धोतर, उपरणे यांना शिवण लागत नाही आणि उरलेले शिवायला शिंपी होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे नसरवानजी मेरवानजी पटेल सिंगरच्या हिंदुस्थानातील व्यापाराची धुरा वाहत होते. त्या काळी यंत्र विशेषेकरून शिंप्याच्याच दुकानी दिसे. छत्तीसगडात तर एवढे जड लोखंड न्यावे कसे, हाच प्रश्न. नागपूरहून रायपूर, बिलासपूरमार्गे आसनसोलला जाणारा लोहमार्ग १८९१ मध्ये पुरा झाला, तेव्हा ती वाट मोकळी झाली.

स्त्रियांच्या हाती यंत्र येण्यास शिक्षणाची जोड लागली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने शिवणकाम शिकविले. निराधार विधवेला हा टाका म्हणजे स्वतःच्या कमाईची भाकरी होती. यंत्रयुगावर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला. पुढे १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे स्वदेशी यंत्र काढले.

रायपूरला १९३५ मध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. तेथील एखाद्या जुन्या मराठी घरात लाकडी झाकणाखाली आजीचे काळे सिंगर असेल, तर त्याच्या बैठकीवर उजवीकडे उमटवलेला क्रमांक पाहावा. त्यावरून घडणीचे साल समजते, आणि ते स्कॉटलंडातील क्लायडबँकच्या कारखान्यातून निघाले असल्यास तेही. तेलाचे चार थेंब घालून चाक फिरवून पाहावे; बहुधा ते अजून शिवेल.