महरूसा : इजिप्तची राजनौका

'महरूसा' म्हणजे सुरक्षित, राखलेली. इजिप्तचा खेदिव्ह इस्माईल याने आपल्या राजनौकेस हे अरबी नाव दिले, तेव्हा त्याच्या वैभवाला भरती आलेली होती. लंडनच्या सामुदा बंधूंनी १८६५ साली बांधलेली ही आगबोट दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांनी पाणी कापीत चाले. १८६९ साली सुएझ कालव्याच्या उद्घाटनात ती मिरवली. त्या सोहळ्यावर इस्माईलने पैसा पाण्यासारखा ओतला. पण पैसा कर्जाचा होता! १८७५ साली कालव्यातील आपले भाग त्याला सुमारे चाळीस लाख पौंडांस ब्रिटनला विकावे लागले. १८७९ साली इंग्लंड व फ्रान्स यांच्या दडपणाखाली तुर्की सुलतानाने त्याला पदच्युत केले, आणि हद्दपारीच्या वाटेवर नेपल्सला जाण्यासाठी तो चढला, तो महरूसावरच.

पुढे १९०५ साली नौकेची चाके जाऊन वाफेची टर्बाइन यंत्रे व पंखे आले. राजघराण्याचे दैव मात्र पालटले नाही. लष्करी क्रांतीनंतर, २६ जुलै १९५२ रोजी, इस्माईलचा नातू राजा फारूक अलेक्झांड्रियाच्या रास-एल-तीन राजवाड्यातून निघाला. एकवीस तोफांची सलामी झाली. नौका तीच होती, आणि बंदरही पुन्हा नेपल्सच!

त्याला उतरवून महरूसा परतली. क्रांतिकारकांना माणूस नको होता, बोट हवी होती. तिचे नाव 'अल-हुर्रिया', म्हणजे स्वातंत्र्य, असे ठेवण्यात आले. कालांतराने जुने नाव परत आले, आणि ६ ऑगस्ट २०१५ रोजी सुएझच्या नव्या जलमार्गाच्या उद्घाटनास राष्ट्राध्यक्ष अल-सीसी याच दीडशे वर्षांच्या नौकेवरून आले.