दिवसाकाठी एक मिनिट वीज

कुणाला फेफरे आलेले तुम्ही पाहिले आहे काय? शुद्ध हरपते, हातपाय झटकू लागतात आणि कुणीतरी कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावते. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. श्रेय मात्र कांद्याला मिळते!

आपल्या मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युत् संदेशांनी एकमेकींशी बोलतात. असंख्य पेशी एकदम बोलू लागल्या की जो गोंधळ उडतो, तोच अपस्माराचा झटका. बहुतेकांना गोळ्यांनी गुण येतो. पण सुमारे एकतृतीयांश रोग्यांना औषधे पुरी पडत नाहीत. मग विजेच्या या गोंधळावर विजेचाच उपाय केला तर?

व्हेगस हा मज्जातंतू पोट, हृदय, फुप्फुसे यांच्याकडील वार्ता मानेतून मेंदूकडे नेतो. त्याला विजेचे हलके ठोके दिले तर झटके थोपवता येतात, हे अमेरिकन शास्त्रज्ञ जेकब झबारा यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले. १९८८ साली असे यंत्र प्रथम माणसाला बसवले गेले आणि १९९७ साली अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली.

छातीच्या डाव्या बाजूला त्वचेखाली बॅटरीसह हे यंत्र बसवतात. तेथून निघालेली तार मानेतील व्हेगसभोवती गुंडाळलेली असते. प्रवाह किती? साधारण एक-दोन मिलिअँपिअर!

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, यंत्र ३० सेकंद चालते आणि ५ मिनिटे थांबते. म्हणजे दिवसातून सुमारे २६० पाळ्या. चालू असताना सेकंदाला ३० ठोके, प्रत्येक ठोका सेकंदाच्या चारहजाराव्या भागाएवढा. गुणाकार करा: २६० × ३० × ३० ÷ ४०००. उत्तर ५८.५ सेकंद! चोवीस तासांत वीज वाहते ती जेमतेम एक मिनिट. म्हणूनच एवढीशी बॅटरी कित्येक वर्षे पुरते. झटका येणार असे वाटताच रोग्याने छातीवरून लोहचुंबक फिरवला, तर यंत्र जादा ठोके देते.

मात्र हा रामबाण उपाय नव्हे. सुमारे निम्म्या रोग्यांचे झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटतात. पूर्ण थांबतात ते थोड्यांचेच. गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात. ठोके चालू असताना आवाज घोगरा होतो, कारण स्वरयंत्राकडे जाणारा तंतू व्हेगसचीच शाखा आहे. झटके नेमके कसे थोपतात, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. कदाचित तुमच्यापैकीच कुणी ते सोडवील!

तोवर एवढे करा. कुणाला झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तातडीने दवाखाना गाठा. आणि तो शुद्धीवर आला की, नेहमीसारखेच त्याच्या शेजारी बसा.