कुत्र्याचं यकृत बिघडलं तर

कावीळ हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि कानाची आतली बाजू इथे लवकर कळते. ओठ वर उचलून दिवसाच्या उजेडात बघा. रात्री दिव्याखाली फिकट पिवळेपणा सहज निसटतो. लघवी चहासारखी गडद दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

यकृत खराब म्हणजे प्रथिनं बंद, हा समज कुत्र्याला खंगवतो. यकृत स्वतःची झीज भरून काढू शकतं, आणि त्यासाठी त्याला प्रथिनंच लागतात. ती बेतानं द्यायची वेळ येते प्रथिनांपासून बनणाऱ्या अमोनियाचा परिणाम मेंदूवर होऊ लागला तर. असा कुत्रा भिंतीला डोकं टेकून उभा राहतो, उगाच गोल गोल फिरतो. तेव्हा डॉक्टर लॅक्टुलोज सिरप देतात. एरवी बद्धकोष्ठतेवर वापरलं जाणारं हे औषध आतड्यातला अमोनिया शौचावाटे बाहेर काढतं. अशा वेळी मांसापेक्षा अंडं आणि पनीर बरं सोसतं. जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा द्या. कलेजी मात्र नको, तिच्यात तांबं फार असतं.

यकृत जपायचं तर घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. बागेत शोभेचा सायकस असेल तर तो काढूनच टाका. त्याच्या बिया सर्वांत विषारी.

पावसाळ्यात उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि यकृतासोबत मूत्रपिंडंही बिघडवतो. त्यावरची लस दरवर्षी द्यावी लागते. हा आजार माणसालाही होतो, म्हणून आजारी कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा.