मधुमेह आणि उतारवय – लेखांक ७ : लघवीच्या संसर्गाचा प्रतिबंध

स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटीमीटर लांब असते आणि तिचे तोंड योनिमार्ग व गुदद्वाराच्या जवळच उघडते. आतड्यात एरवी निरुपद्रवी राहणारा ई. कोलाय हा जिवाणू एवढे अंतर सहज ओलांडतो. लघवीच्या बहुतेक संसर्गांच्या मुळाशी तोच असतो. तरुणपणी त्याच्या वाटेत तीन अडसर असतात : योनिमार्गातील आम्लता, ठरावीक वेळाने जोराने वाहून जाणारी लघवी आणि रक्तातील पांढऱ्या पेशी. पाळी गेल्यावर पहिला अडसर दुबळा होतो. मधुमेह अनेक वर्षांचा आणि साखर वाढलेली असेल, तर उरलेले दोनही सैल पडतात. प्रतिबंध म्हणजे हे अडसर शक्य तेवढे पुन्हा उभे करणे.

संरक्षण का घटते?

ईस्ट्रोजेन असेपर्यंत योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जिवाणू वाढतात आणि आपल्या आम्लाने ई. कोलायला थारा देत नाहीत. ईस्ट्रोजेन आटले की त्यांची वस्ती विरळ होते आणि तेथील त्वचा पातळ, कोरडी पडते.

रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते. वाढलेल्या साखरेमुळे पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. अनेक वर्षांच्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसाही बधिर होतात. लघवी भरल्याची जाणीव उशिरा होते, मूत्राशय पूर्ण आकुंचन पावत नाही आणि तळाशी लघवी शिल्लक राहते. अशा साचलेल्या लघवीत जिवाणू फोफावतात. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला तर मधुमेहात तो अधिक गंभीर रूप घेतो. मूत्रपिंडात वायू धरणारा जीवघेणा प्रकार प्रामुख्याने मधुमेहींमध्येच आढळतो.

साखर आणि औषधे

साखर आटोक्यात ठेवणे ही पहिली पायरी. मात्र उतारवयात साखर अचानक खाली जाणेही धोक्याचे असल्याने तिचे लक्ष्य डॉक्टर व्यक्ती पाहून ठरवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे बाह्य जननांगावर बुरशीचा संसर्ग होऊन खाज सुटण्याचे प्रमाण वाढते. हृदय आणि मूत्रपिंडासाठी ही औषधे मोलाची असल्यामुळे ती परस्पर बंद करू नयेत. खाज, लाली किंवा पांढरा स्राव दिसताच डॉक्टरांना सांगावे. ताप, उलट्या किंवा कडक उपवासाच्या दिवशी ती घ्यावीत की थांबवावीत, हेही आधीच विचारून ठेवावे.

लघवी साचू न देणे

एसटीचा लांबचा प्रवास, शेतावरचे काम, लग्नघरातील गर्दी अशा वेळी स्वच्छतागृहाची सोय नसते म्हणून असंख्य स्त्रिया पाणीच पीत नाहीत आणि लघवी तुंबवून धरतात. ही सवय मोडणे फार गरजेचे आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर संसर्गाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. त्या स्त्रिया पाळी सुरू असलेल्या वयाच्या होत्या. तरी वाहत्या लघवीचे तत्त्व पुढेही लागू पडते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

जाणीव बोथट झाली असेल तर घड्याळ पाहून दर तीन-चार तासांनी लघवीला जावे. पाय जमिनीवर टेकवून, किंचित पुढे वाकून निवांत बसावे. लघवी झाल्यावर थोडे थांबून पुन्हा एकदा करावी. गुडघेदुखीमुळे उकिडवे बसवत नसेल, तर घाईघाईत अर्धवट लघवी करून उठावे लागते. अशा घरात कमोडची खुर्ची हा उपचाराचाच भाग मानावा. बद्धकोष्ठता आणि अंग बाहेर येणे यांमुळेही मूत्राशय नीट रिकामे होत नाही. संकोचापोटी हे त्रास अंगावर काढू नयेत. दोन्हींवर उपाय आहेत.

योनिमार्गाची निगा

पाळी गेल्यानंतर वारंवार संसर्ग होत असल्यास योनिमार्गात लावायचे ईस्ट्रोजेनचे मलम हा परिणामकारक उपाय आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील चाचणीत मलम वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये वर्षाला सरासरी ०.५, तर न वापरणाऱ्यांमध्ये ५.९ संसर्ग आढळले. पोटात घेण्याच्या ईस्ट्रोजेनने हा लाभ होत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला असल्यास आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

शौचानंतर पुढून मागे धुवावे आणि जागा कोरडी करावी. योनिमार्गाच्या आत साबण किंवा जंतुनाशक घालू नये. त्याने उपकारक जिवाणूही मरतात. सुती अंतर्वस्त्रे वापरावीत आणि ओला पॅड लगेच बदलावा.

तपासणी आणि प्रतिजैविके

अनेक मधुमेही स्त्रियांच्या लघवीत कोणताही त्रास नसताना जिवाणू सापडतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत अशा स्त्रियांना प्रतिजैविके देऊन पुढील आजार टळले नाहीत. उलट, अनावश्यक गोळ्यांनी जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात. मूत्रमार्गावरील शस्त्रक्रियेसारखे कारण नसेल, तर त्रास नसताना कल्चर करू नये आणि उरलेल्या जुन्या गोळ्याही घेऊ नयेत.

जळजळ, वारंवार घाई किंवा ओटीपोटात दुखणे सुरू झाल्यास गोळीच्या पहिल्या मात्रेआधी, मधल्या धारेतील लघवीचा नमुना कल्चरसाठी द्यावा. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन संसर्ग झाल्यास सोनोग्राफीत शिल्लक लघवी मोजून घ्यावी. अशा वेळी मेथेनामिन हे प्रतिजैविक नसलेले औषधही डॉक्टर सुचवू शकतात. क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी काहींना थोडा लाभ होतो, पण तिचे गोड सरबत मधुमेहात वर्ज्य.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे, उलट्या किंवा अचानक आलेला गोंधळलेपणा दिसल्यास घरी वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि मधुमेहाच्या चालू औषधांची यादी सोबत न्यावी.