विश्लेषण : हवामान बदल शाळेत शिकवला जातो, पण समजतो का? समुद्रापासून सुरुवात का करावी?

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला असतो आणि जागतिक महासागर दिन ८ जूनला. राज्यातील बहुतांश शाळा त्यानंतर, जूनच्या मध्यावर उघडतात. मग पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वृक्षारोपण होते, घोषवाक्य स्पर्धा होते, 'झाडे लावा, झाडे जगवा'चे फलक रंगतात आणि पर्यावरणाचा विषय वर्षभरासाठी मार्गी लागतो. मात्र आज सहावीत असलेला विद्यार्थी २०५० मध्ये चाळिशीच्या आत असेल. वाढते तापमान, बेभरवशाचा पाऊस आणि वर सरकणारा समुद्र यांच्याशी जुळवून घेत त्याला घर, शेती किंवा नोकरी सांभाळायची आहे. त्यासाठी शाळा त्याला नेमके काय शिकवते? आणि काय शिकवायला हवे?

पर्यावरण शिक्षण सक्तीचे कधीपासून?

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा, असे त्यात म्हटले होते. अंमलबजावणी रेंगाळल्याने २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा लक्ष घातले आणि शालेय अभ्यासक्रमाचा आराखडा तयार करण्याचे काम एनसीईआरटीकडे आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पर्यावरण जागृती आणि जलसंवर्धनाचा उल्लेख आहे.

महाराष्ट्रात 'बालभारती'च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात 'पर्यावरणीय व्यवस्थापन' आणि 'हरित ऊर्जेच्या दिशेने' अशी प्रकरणे आहेत. नववी-दहावीला 'जलसुरक्षा' आणि अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हे विषय आहेत. म्हणजे कागदावर विषय आहे, पुस्तकही आहे.

मग अडचण कुठे?

पहिली अडचण गुणांची. 'जलसुरक्षा'सारखे विषय श्रेणीचे आहेत. त्यांचे गुण टक्केवारीत धरले जात नाहीत. साहजिकच तास गणिताला दिला जातो आणि प्रकल्पाची वही वर्षअखेरीस एकमेकांची बघून पूर्ण केली जाते.

दुसरी अडचण धड्यांच्या कात्रीची. करोनाकाळानंतर विद्यार्थ्यांवरील भार कमी करण्यासाठी एनसीईआरटीने २०२२ मध्ये पुस्तकांतील मजकूर कमी केला. तेव्हा दहावीच्या विज्ञानातून 'ऊर्जेचे स्रोत' आणि 'नैसर्गिक संसाधनांचे शाश्वत व्यवस्थापन' ही प्रकरणे वगळण्यात आली. भार कमी करायची वेळ आली की कात्री कुठे लागते, हे त्यातून दिसले.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि ती केवळ आपली नाही. युनेस्को आणि एज्युकेशन इंटरनॅशनल यांनी २०२१ मध्ये जगभरातील सुमारे ५८ हजार शिक्षकांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. हवामान बदल शिकवणे महत्त्वाचे आहे, असे सुमारे ९५ टक्के शिक्षकांना वाटत होते. तो शिकवण्याचा आत्मविश्वास मात्र ४० टक्क्यांहून कमी जणांना होता. आपल्या भागावर या बदलाचा काय परिणाम होतो, हे नीट समजावून सांगू शकणारे तर साधारण एक तृतीयांशच होते. म्हणजे ध्रुवावरचे अस्वल शिकवता येते, पण आपल्या गावची विहीर किंवा खाडी शिकवता येत नाही.

'हवामान' या शब्दाचाच घोळ

मराठी माध्यमाच्या वर्गात गोंधळाची सुरुवात शब्दापासूनच होते. भूगोलाच्या पुस्तकात 'हवा' म्हणजे त्या-त्या वेळची स्थिती आणि 'हवामान' म्हणजे अनेक वर्षांची सरासरी स्थिती. पण घराघरांत 'हवामान अंदाज' म्हणजे उद्या पाऊस पडणार की नाही, एवढेच. त्यामुळे 'यंदा जानेवारीत एवढी थंडी होती, मग तापमानवाढ कुठे आहे?' हा प्रश्न विद्यार्थीच नव्हे, पालकही विचारतात.

त्यावर सोपे उत्तर आहे. एका सामन्यातील धावा म्हणजे हवा आणि कारकिर्दीची सरासरी म्हणजे हवामान. एखाद्या सामन्यात फलंदाज शून्यावर बाद झाला म्हणून त्याची सरासरी शून्य होत नाही.

दुसरा नेहमीचा गैरसमज ओझोनचा. ओझोन थराला छिद्र पडले म्हणून पृथ्वी तापते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तापमानवाढीचे मुख्य कारण कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू जाळल्याने हवेत साठणारा कार्बन डायऑक्साइड हे आहे. ओझोनचा प्रश्न वेगळा, त्याची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. कचरा उचलणे चांगलेच, पण त्याने या वायूचे गणित सुटत नाही, हेही वर्गात स्पष्ट सांगावे लागते.

समुद्रापासून सुरुवात का करावी?

हवामान बदलाचा हिशेब सर्वाधिक समुद्राच्या वहीत लिहिलेला आहे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी शोषून घेतली आहे. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्साही समुद्रात गेला आहे. समुद्राला वगळून हवामान बदल शिकवणे म्हणजे जमाखर्चातील जमेची बाजू न बघता ताळेबंद मांडण्यासारखे आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे महासागर विज्ञानाचे दशक जाहीर केले आहे. 'सागर साक्षरता' हा त्याचा महत्त्वाचा भाग. समुद्राचा आपल्यावर आणि आपला समुद्रावर काय परिणाम होतो, हे समजणे अशी तिची साधी व्याख्या आहे. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

वर्गात करता येणारे तीन प्रयोग

१. दोन फुगे : एका फुग्यात हवा भरा, दुसऱ्यात पाणी. दोन्ही पेटत्या मेणबत्तीवर धरा. हवेचा फुगा लगेच फुटतो, पाण्याचा काही वेळ टिकतो. कारण पाणी बरीच उष्णता शोषते आणि तरी सावकाश तापते. समुद्र आपल्यासाठी हेच काम करतो आहे. पण शोषलेली उष्णता नाहीशी होत नाही. तीच चक्रीवादळांना बळ देते.

२. दोन पेले : दोन सारख्या पेल्यांत पाणी घ्या. पहिल्यात बर्फाचे खडे तरंगू द्या. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढणारा दगड ठेवून त्यावर बर्फ ठेवा. दोन्हींच्या पातळीवर खूण करा. बर्फ वितळल्यावर पहिल्या पेल्यातील पातळी जवळपास तेवढीच राहते, दुसऱ्यातील वाढते. म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फापेक्षा ग्रीनलँड, अंटार्क्टिका आणि पर्वतांवरील हिमनद्यांचा, म्हणजे जमिनीवरचा बर्फ पातळी वाढवतो. याशिवाय तापलेले पाणी प्रसरण पावते. 'आयपीसीसी'च्या अहवालानुसार १९७१ ते २०१८ या काळातील समुद्रपातळीच्या वाढीपैकी सुमारे निम्मी वाढ या प्रसरणामुळे झाली. १९०१ ते २०१८ दरम्यान जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली.

३. चुन्याची निवळी : हा प्रयोग प्रत्येक शाळेत होतो, पण अर्धाच. निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते आणि तास संपतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांतून निघणारा वायू नळीने आणखी काही वेळ सोडत राहिले, तर दुधाळपणा नाहीसा होऊन पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागते. दुधाळपणा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. जादा वायू मिळाल्यावर ते विरघळते. (निवळी डोळ्यांना व त्वचेला त्रासदायक असल्याने हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.)

शिंपले, कालवे आणि प्रवाळ यांची कवचे याच कॅल्शियम कार्बोनेटची असतात. समुद्रात कार्बन डायऑक्साइड वाढला की कवच बांधणे त्यांना कठीण होते. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ०.१ चा फरक किरकोळ वाटतो. पण ही मोजपट्टी लघुगणकाची असल्याने आम्लता साधारण २६ टक्क्यांनी वाढली, असा त्याचा अर्थ होतो. समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे, पण दिशा आम्लतेकडे आहे. लघुगणक कशासाठी शिकायचे, या प्रश्नाचे उत्तरही इथे मिळते.

विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थ्यांचा समुद्राशी काय संबंध?

थेट संबंध आहे. लातूर किंवा अमरावतीत पडणारा पावसाचा थेंब बहुधा समुद्रावरूनच आलेला असतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उष्णकटिबंधीय हिंद महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने वाढले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. त्यासाठीचे बाष्प पुरवण्यात अरबी समुद्राचा मोठा वाटा आहे.

याच संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेले 'निसर्ग' आणि मे २०२१ मधील 'तौक्ते' कोकणातील मुलांनी स्वतः अनुभवले आहे. उन्मळलेल्या नारळी-पोफळीच्या बागा त्यांनी पाहिल्या आहेत. त्यांना उदाहरणासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. एकच घटना म्हणजे हवामान बदल नव्हे, पण घटनांचा कल बदलतो तेव्हा त्याची नोंद कशी घ्यायची, हे इथूनच शिकवता येते.

किनाऱ्यावरची शाळा कशी असते?

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गाव ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखले जाते. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने वनविभाग आणि ग्रामस्थांच्या मदतीने तिथे घरट्यांच्या संरक्षणाचे काम उभे केले. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू गरम असेल तर माद्या अधिक आणि फारच तापली तर अंडीच खराब होण्याचा धोका. जीवशास्त्र, तापमापक आणि हवामान बदल हे सगळे एकाच घरट्यात शिकता येते.

मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम २०१७ पासून ओहोटीच्या वेळी नागरिकांना किनाऱ्यावरील जीवसृष्टी दाखवतो. ऐरोलीत वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. राज्याने २०२० मध्ये पांढरी चिप्पी या वृक्षाला राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. कोळीवाड्यातील मुलांना तर उधाणाची आणि भांगाची भरती तिथीवरून सांगता येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद का असते, हेही ती जाणतात. शाळेने हे ज्ञान वर्गात आणले, तर शिकवणारा केवळ शिक्षकच असणार नाही.

इतर देशांत काय सुरू आहे?

इटलीने २०१९ मध्ये शाळांत वर्षाला ३३ तास नागरिकशास्त्राच्या अंगाने हवामान बदल आणि शाश्वतता शिकवण्याची घोषणा केली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने २०२० मध्ये वेगळा विषय न आणता शाळेतील निरनिराळ्या विषयांतच हवामान बदल समाविष्ट केला. २०२२ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मात्र चित्र सगळीकडे आशादायक नाही. युनेस्कोने २०२१ मध्ये सुमारे १०० देशांचे अभ्यासक्रम आराखडे तपासले, तेव्हा ४७ टक्के आराखड्यांत हवामान बदलाचा उल्लेखही नव्हता.

मुले घाबरणार नाहीत का?

हा प्रश्न रास्त आहे. भारतासह १० देशांतील १६ ते २५ वयोगटातील १० हजार तरुणांचे सर्वेक्षण २०२१ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ५९ टक्के जणांनी हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते, असे सांगितले. म्हणजे न शिकवल्याने भीती टळत नाही. मोबाइलवर पुराचे आणि वणव्यांचे व्हिडीओ मुले पाहतच असतात. त्यामागचे कारण आणि आपल्या हातातील कृती मात्र तिथे कळत नाही.

कृतीही वयाला साजेशी हवी. शाळेचे वीजबिल दर महिन्याला फळ्यावर लिहून त्याचा आलेख काढणे, छतावरील पावसाचे पाणी मोजणे, गावातील आजी-आजोबांना पूर्वीच्या पावसाबद्दल विचारून ते हवामान विभागाच्या आकडेवारीशी ताडून पाहणे, हे आठवीतला वर्ग सहज करू शकतो. मात्र पृथ्वी वाचवण्याची जबाबदारी मुलांवर टाकून मोठ्यांनी मोकळे होणे योग्य नाही. वीज कशापासून बनवायची आणि किनाऱ्यावर काय बांधायचे, हे निर्णय मोठेच घेतात, हेही मुलांना सांगायला हवे.

पुढे काय?

नवे पुस्तक किंवा नवा विषय ही तातडीची गरज नाही. निवळीचा प्रयोग पूर्ण करणे, भूगोलात गावच्या पावसाची नोंद घेणे, गणितात भरतीचे तक्ते वापरणे यासाठी आहे तोच अभ्यासक्रम पुरतो. गरज आहे ती शिक्षकांच्या प्रशिक्षणाची, जिल्हानिहाय सोप्या माहितीची आणि 'श्रेणीचा विषय' म्हणून तास काढून न घेण्याची. झाड लावणाऱ्या विद्यार्थ्याला ते झाड किती कार्बन धरून ठेवते आणि त्याच्या शाळेच्या विजेसाठी किती कोळसा जळतो, हे दोन्ही सांगता आले, तर पर्यावरणाचा तास खऱ्या अर्थाने झाला असे म्हणता येईल.