क्लोपिडोग्रेल : यकृतात तयार होणारे औषध

इटियाडोह धरण भरले म्हणून भाताच्या बांधीत पाणी येत नाही. ते कालव्याने पोहोचावे लागते. हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेल्या अनेकांना मिळणाऱ्या क्लोपिडोग्रेलचेही तसेच आहे. आपण गिळतो ती गोळी निष्क्रिय असते. तिचे औषध होते यकृतात.

शोषल्या गेलेल्या क्लोपिडोग्रेलपैकी सुमारे ८५ टक्के भाग शरीरातील विकरे निकामी करून टाकतात. उरलेल्या सुमारे १५ टक्क्यांवर यकृतात दोन टप्प्यांत प्रक्रिया होते. रेणूतील गंधक असलेले कडे उघडते आणि मोकळा झालेला गंधक प्लेटलेटवरील ‘पी२वाय१२’ या ग्राहीला कायमचा चिकटतो. ‘गोळा व्हा, गुठळी करा’ हा एडीपी या रसायनाचा निरोप मग त्या प्लेटलेटला मिळत नाही. प्लेटलेटचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे असते. रोज नव्या प्लेटलेट तयार होतात, म्हणून गोळीही रोज घ्यावी लागते.

यकृतातील या कामात ‘सीवायपी२सी१९’ हे विकर महत्त्वाचे. काहींमध्ये ते जन्मतःच मंद असते. त्यांना या गोळीचा फायदा कमी होतो. अशा वेळी डॉक्टर प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉरचा विचार करतात. टिकाग्रेलॉरला यकृताने सक्रिय करण्याची गरज नसते.

पण जन्मतः चांगले असलेले विकरही आपण मंद करू शकतो. अ‍ॅसिडिटीसाठी सर्रास घेतले जाणारे ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल नेमके हेच विकर अडवतात. पँटोप्राझोलचा अडथळा त्या मानाने कमी. म्हणून दुकानातून अ‍ॅसिडिटीची गोळी घेताना क्लोपिडोग्रेल सुरू असल्याचे जरूर सांगा. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तीही मनाने घेऊ नका.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी बंद करणे. स्टेंटमध्ये अचानक गुठळी झाली तर हृदयविकाराचा झटका येतो. इटियाडोह परिसरातील गावांतून अँजिओप्लास्टीची सोय असलेले रुग्णालय गाठेपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो. दात काढायचा असो वा शस्त्रक्रिया, गोळी थांबवायची की नाही आणि किती दिवस, हे हृदयरोगतज्ज्ञांनाच ठरवू द्या. शौचास काळी होणे, लघवीतून रक्त येणे किंवा न थांबणारा रक्तस्राव दिसल्यास मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.

महिन्याच्या गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच पुढच्या आणून ठेवा.